जुन्या मालाची पारख

कुंभकोणम्‌च्या भांड्यांच्या पेठेत कथलाचा चंबू घ्यावयाचा असेल, तर जाणते गिऱ्हाईक तो आधी पांढऱ्या कागदावर घासून पाहते. तमिळमध्ये या चंबूला ‘ईय चोंबु’ म्हणतात. रसम, म्हणजे मराठी घरांतले सार, याच चंबूत उकळले पाहिजे असा तिथल्या रसनेचा दंडक आहे. परंतु ‘ईयम्’ हा शब्दच मुळात निसरडा आहे. ‘वेळ्ळीयम्’ म्हणजे कथील आणि ‘कारीयम्’ म्हणजे शिसे. शब्दाचा पूर्वार्ध गळाला की दोन्ही धातू एकाच नावाखाली सुखाने नांदू लागतात. त्यांतला एक महाग आणि निरुपद्रवी, दुसरा स्वस्त आणि विषारी. कागदावर पेन्सिलीसारखी काळसर रेघ उमटली, तर चंबूत शिसे आहे. निर्भेळ कथलाची पट्टी वाकवली, तर तिच्यातून बारीक चरचर ऐकू येते. शिशाची पट्टी मुकाट्याने वाकते. नव्या सुनेने चंबू रिकामाच चुलीवर ठेवावा आणि तो डोळ्यांदेखत पाघळून जावा, ही हकीकतही त्या गावात घरोघर ऐकावयास मिळते, कारण कथील २३२ अंशांवरच वितळते.

या पेठेतल्या एका दुकानात एका मराठी गृहस्थाने १९७२ पासून २०१० पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, हिशेब लिहिले. हिशेब लिहिणे हे नावापुरते. खरे काम जुनी भांडी घेण्याचे. दिवाळीच्या सुमारास लोक घरातले जुने पितळ, काशे आणि तांबे घेऊन येत, ते तराजूत पडे, मोडीचा भाव ठरे आणि तेवढी रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वजा होई. भांडे वाजवून पाहणे, तळाशी सांधा लपवला आहे काय ते बोटाने चाचपणे, कल्हईखाली भोक आहे काय ते उन्हात धरून पाहणे, ही सारी जबाबदारी या गृहस्थांची होती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांची एकदा फसगत झाली. जाड बुडाच्या एका घागरीत दुहेरी पत्रा होता आणि मधल्या पोकळीत वाळू. मालकाने ती रक्कम सहा महिन्यांच्या पगारातून कापून घेतली. ही गोष्ट त्यांनी घरात कोणालाही, पत्नीलाही, सांगितली नव्हती. ती बाहेर पडली ती पन्नास वर्षांनी, आणि एका अगदी निराळ्या जिनसेच्या निमित्ताने.

कुंभकोणम्‌चे मराठी हे तंजावरच्या मराठी राज्याचे मागे उरलेले गणगोत. व्यंकोजीने १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले, १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले. राज्य गेले तरी घरातली भाषा राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावात जन्मले. परंतु हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थांच्या घराण्याला दिवाणगिरीचा वारा लागलेला नव्हता. घरात मराठी, दारात तमिळ, कागदोपत्री इंग्रजी, अशी तीन माळ्यांची त्यांची राहणी. घरातले सारे, नातवासह, त्यांना ‘ताता’ म्हणत. हा शब्दही दारातूनच आत आलेला.

२०२४ च्या ऐप्पसी महिन्यात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, या ताताच्या लक्षात आले की नातू जेवताना ताटाकडे पाहत नाही.

नातू शासकीय कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होता. कावेरीकाठचे हे महाविद्यालय म्हटले की रामानुजनची गोष्ट सांगावयाचीच असा प्रघात पडला आहे आणि तो आता थोडा कंटाळवाणाही झाला आहे. येथे तिच्यातला एवढाच भाग उपयोगाचा, की या गणितज्ञाला १९०३ मध्ये ज्या पुस्तकाने झपाटले, ते कार नावाच्या शिकवणी घेणाऱ्या इंग्रजाचे पुस्तक तेव्हाच जुने झालेले होते आणि त्याची प्रत दुसऱ्याकडून मागून आणलेली होती. गरीब घरात नवे ज्ञान बहुधा जुन्या मालाच्या वाटेनेच येते. या मुलाच्या घरातही संगणक आला तो असाच: एका कचेरीने मोडीत काढलेला, इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या आय-५ प्रोसेसरचा, आणि सोबत त्याहूनही जुना, केवळ व्हीजीए जोडणी असलेला पडदा.

या यंत्रावर तो एक खेळ खेळत असे. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळाची २०१२ सालची आवृत्ती त्या जुन्या संगणकावर अडखळत का होईना, पण चालत असे. सोबतीला पुण्याचा आतेभाऊ असे. ताताची मुलगी लग्न होऊन पुण्यास गेली, तिचा हा मुलगा. रात्री नऊनंतर दोघे कानांना यंत्रे लावून आपापल्या गावी बसत आणि खेळता खेळता बोलत. पुण्याच्या मुलाला या बोलण्याचे प्रारंभी हसू येई. मामेभावाच्या तोंडची काही रूपे त्याला शाळेतल्या बखरीच्या उताऱ्यातच काय ती भेटली होती, आणि मधूनच येणारे तमिळ शब्द तर त्याला अडवूनच ठेवत. कुंभकोणम्‌च्या मुलाची अडचण उलटी होती. घराबाहेर आपल्या वयाच्या माणसाशी मराठी बोलण्याची त्याला आयुष्यात दुसरी जागाच नव्हती.

२७ सप्टेंबर २०२३ रोजी त्या खेळाची दुसरी आवृत्ती आली, आणि तिने पहिलीच्या जागीच बस्तान मांडले. ग्रंथव्यवहारात नवी आवृत्ती निघाली तरी जुनी कपाटात राहते. येथे नव्या आवृत्तीने जुनी घराघरांतून उचलून नेली. नव्या खेळाला चित्रे रंगवण्याचे काम मुख्य प्रोसेसरच्या पोटातल्या दुबळ्या भागाकडून करून घेता येत नव्हते. त्याला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवे होते. रात्रीची बैठक मोडली. काही महिने दोघांनी दूरध्वनीवर बोलून पाहिले. पण दोन तरुण मुले नुसती बोलावयाची म्हणून किती बोलणार? हाताला काम असले म्हणजे तोंड मोकळे होते. फोन आठवड्याने, मग महिन्याने येऊ लागले.

मुलाने शिकवण्या घेऊन साठवलेले चार हजार रुपये होते. त्याने कोणालाही न सांगता जुन्या कार्डांच्या जाहिराती वाचावयास सुरुवात केली, आणि ज्याला मजकुराच्या शुद्धाशुद्धतेची थोडीही ओळख आहे त्याला तोंडपाठ असलेल्या एका प्रदेशात तो जाऊन पडला. येथे नाव आणि वस्तू यांचा संबंध कायम संशयास्पद असतो. एनव्हिडिया कंपनीचे २०१६ सालचे ‘जीटीएक्स १०६०’ घ्यावे, तर त्याच्या दोन प्रती. सहा गिगाबाइट स्मृती असलेल्या प्रतीत १२८० गणनघटक, तीन गिगाबाइटच्या प्रतीत ११५२. म्हणजे फरक केवळ स्मृतीचा नव्हे, अंतरंगाचाही, आणि मुखपृष्ठावर नाव मात्र तेच. एएमडी कंपनीचे २०१७ सालचे ‘आरएक्स ५८०’ पाहावे, तर त्याच्या खऱ्या रूपात २३०४ घटक असतात. परंतु चीनच्या बाजारासाठी २०१८ मध्ये निघालेल्या, त्याच नावाच्या एका रूपात २०४८ असतात, आणि ते वस्तुतः धाकट्या ‘आरएक्स ५७०’ चेच अंतरंग होय. ‘जीटीएक्स १६५०’ २०१९ मध्ये एका जातीच्या स्मृतीसह आले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या, अधिक वेगवान जातीच्या स्मृतीसह. विक्रेते यांतले नेमके तेवढेच सांगतात, जेवढे सांगितल्याने माल विकला जाईल. पाठभेद न नोंदवता छापलेल्या संहितेवर विसंबण्यासारखाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की येथे विसंबणाऱ्याचे पैसे जातात.

या साऱ्यांत मुलाला एक जाहिरात दिसली: ‘जीटीएक्स १०५० टीआय’, चार गिगाबाइट, किंमत अडतीसशे. हे कार्ड त्याच्या संगणकास सोसणारे होते. कचेरीच्या यंत्रातला वीजपुरवठा २९० वॅटचा, त्यातून कार्डाला वीज देणारी वेगळी तार निघत नव्हती, आणि मुख्य फलकावरच्या खाचेतून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. ‘आरएक्स ५८०’ ला १८५ लागतात. ‘१०५० टीआय’ ७५ वॅटांत भागवते. शिवाय छायाचित्रात त्या कार्डाला व्हीजीए जोडणी दिसत होती; म्हणजे घरातला जुना पडदा आहे तसाच जोडता येणार! जवळच्या एका मोठ्या गावी जाऊन, बसस्थानकाच्या बाहेर एका माणसाच्या हाती रोख पैसे देऊन, मुलाने ते कार्ड घरी आणले.

फसवणुकीची मेख त्या जोडणीतच होती. एनव्हिडियाच्या ज्या पिढीत ‘१०५० टीआय’ जन्मले, त्या पिढीने व्हीजीएला लागणारा जुन्या पद्धतीचा संकेत देणेच सोडून दिले होते. १७५० चा लेखनकाल सांगणाऱ्या पोथीच्या कागदात १८२० चा जलचिन्हांकित छाप दिसावा, तसा हा पुरावा. फक्त येथे काळाचा ओघ उलटा होता, नाव नवे आणि अंग जुने. कार्डावर एक लहानसा कायमचा मजकूर साठवलेला असतो, त्याला बायॉस म्हणतात. संगणकाने ‘तू कोण?’ असे विचारले की कार्ड त्या मजकुरातले नाव सांगते. हा मजकूर बदलता येतो. पोथीची पुष्पिका खरवडून तिच्या जागी मोठ्या पंडिताचे नाव लिहावे, तसे भामटे जुन्या कार्डाला नवे नाव लिहून देतात. संगणकही भाबडेपणाने ते नाव पडद्यावर दाखवतो.

खेळ सुरू करताच पडदा काळा झाला. मुलाने ‘जीपीयू-झेड’ नावाचे तपासणीचे साधन चालवून पाहिले. २०१८ पासून या साधनाला अशी तोतया कार्डे ओळखता येतात, कारण ते बायॉसच्या मजकुरावर न थांबता चिपची स्वतःची खूण वाचते. नावाच्या आधी ‘फेक’ असा शब्द आला. आतली चिप २०१० सालची, जीएफ १०८ जातीची. ७६८ घटकांऐवजी ९६, चार गिगाबाइटऐवजी एक. विक्रेत्याचा दूरध्वनी बंद होता.

मुलगा ताटाकडे पाहत नव्हता तो यामुळे.

ताताने त्याला रागे भरले नाही. त्यांनी कार्ड हातात घेतले, उलटेसुलटे केले, पंख्याच्या बाजूने नखाने टिचकी मारली आणि विचारले, ‘हे किती वर्षांचे म्हणून दिले?’ मुलाने सांगितले. ‘आणि किती वर्षांचे निघाले?’ तेही मुलाने सांगितले. मग त्यांनी त्या वाळूच्या घागरीची गोष्ट सांगितली. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर ते उठले, माळ्यावरून पितळी हंडा खाली काढण्यास मुलाला सांगितले आणि स्वतः चष्मा पुसत बसले.

तमिळ ‘अण्डा’ आणि मराठी ‘हंडा’ ही एकाच कुळीची भांडी दिसतात. निदान त्या घरात तरी दोन्ही शब्द एकाच वस्तूला लागत. हा हंडा आजीच्या माहेरचा, १९७४ सालच्या लग्नातला. २०१६ च्या महामहमच्या वेळी घरी उतरलेल्या पाहुण्यांचे आंघोळीचे पाणी त्यात तापले होते. त्यानंतर आजी गेली आणि हंडा माळ्यावर गेला. काठाशी तिचे नाव देवनागरीत कोरलेले होते. कोरणारा कारागीर तमिळ. त्याने समोर ठेवलेल्या चिठ्ठीवरून अक्षरे चितारली होती आणि एका काना-मात्रेची जागा चुकवली होती. हंडा तराजूवर नेण्यापूर्वी ताताने ते नाव एका वहीत उतरवून घेतले. काना-मात्रा चुकीच्याच जागी ठेवली. ज्याला प्रत करण्याची शिस्त कोणी शिकवलेली नाही अशा माणसाने मूळ प्रतीतली चूक दुरुस्त न करता उतरवून घ्यावी, ही गोष्ट तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद चाळणाऱ्या कोणाही अभ्यासकाला विचारात पाडील.

हंडा ज्या दुकानात गेला ते त्यांचेच जुने दुकान. गादीवर मालकाचा मुलगा होता. भाव नेहमीचाच लागला. साडेअठरा किलो, आठ हजारांना थोडे कमी. कोरलेल्या नावाला वजन नसते, हे त्यांनी अडतीस वर्षे दुसऱ्यांना समजावून सांगितले होते. पावतीवर ‘पितळ, मोड’ असे दोनच शब्द आले.

रात्रीच्या उळवन एक्सप्रेसने दोघे चेन्नईस निघाले. मुलाने वाटेत आपल्याला ठाऊक असलेले सारे आजोबांना सांगितले. ते सांगताना त्याचे त्यालाच ते नीट समजले असावे. मुख्य प्रश्न दोन कार्डांतला होता. ‘आरएक्स ५८०’ आठ गिगाबाइटचे, चांगले बलवान, आणि जुन्या बाजारात साडेपाच हजारांच्या आसपास मिळते. ‘जीटीएक्स १६५०’ चार गिगाबाइटचे, त्याहून दुबळे, आणि मागणी सहा-साडेसहा हजार. अधिक बलवान वस्तू स्वस्त का, असे ताताने विचारले. उत्तर दुहेरी होते. बलवान कार्डाला वीजपुरवठ्याचा नवा डबा लागतो, आणि कचेरीच्या यंत्रात नेहमीचा डबा बसत नाही. साध्या तारांना जोड देऊन वीज पुरवावी तर त्या तारा वितळल्याची उदाहरणे आहेत. दुसरे कारण इथेरियमचे.

इथेरियम नावाचे आभासी चलन काही वर्षे ग्राफिक्स कार्डांच्या साह्याने ‘खणले’ जात असे. गोदामांत शेकडो कार्डे रात्रंदिवस चालत. २०२० ते २०२२ या काळात खेळणाऱ्या मुलांना दुकानात कार्ड दिसेनासे झाले त्याला हे एक कारण होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ही पद्धतच सोडली. गोदामांतली कार्डे एका दिवसात निरुद्योगी झाली आणि जगभरच्या जुन्या बाजारांत उतरली; त्यांत ‘आरएक्स ५८०’ फार. या कार्डांची नंतर जी बदनामी झाली ती काहीशी अतिरेकी आहे. एका संथ लयीत, कमी दाबाच्या विजेवर चालवलेले कार्ड रोज तापून रोज थंड होणाऱ्या कार्डाहून कमी झिजलेले असू शकते. झिजतात ते पंखे. वाळतात ते स्मृतीच्या चिपांवरचे उष्णतावाहक तुकडे. आणि समुद्रकाठच्या दमट शेडमध्ये गंज चढतो तो पाठीमागच्या पत्र्यावर. शिवाय खणण्यासाठी बदललेला बायॉस तसाच राहून गेलेला असतो. म्हणजे प्रश्न कार्डाने काय काम केले हा नसून, विकणारा ते सांगतो की नाही, हा आहे. ताताला हे चटकन पटले. श्राद्धाला वापरलेले भांडे आणि लग्नाला वापरलेले भांडे यांत धातूचा फरक नसतो, एवढे बोलून ते खिडकीबाहेर पाहू लागले.

चेन्नईतील अण्णा सालै, जिला जुनी माणसे अजूनही माउंट रोड म्हणतात, तिच्यालगतच्या एका गल्लीत रिची स्ट्रीटचा बाजार आहे. मुंबईच्या वाचकाने लॅमिंग्टन रोड डोळ्यांपुढे आणावा आणि तो आणखी अरुंद करावा. पहिल्या दुकानात विक्रेत्याने ‘१६५०’ काढून दाखवले आणि विचारण्यापूर्वीच सांगून टाकले, की हे घरगुती वापराचे, एका हातचे, कधी उघडलेलेही नाही. मुलाने पाठीमागचे स्क्रू पाहिले. दोघांची खाच पेचकसाने गुळगुळीत झालेली होती. कार्ड चालू केल्यावर मुलगा पडद्याकडे पाहत राहिला आणि ताताने कान खाली नेला. पंखा वेग घेताना मध्येच खरखरत होता. बद्द वाजणारे भांडे जसे ते शब्द न बोलता खाली ठेवीत, तसे त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर आणले.

तिसऱ्या की चौथ्या दुकानातला माणूस मितभाषी होता. हे कार्ड कोठून आले, असे ताताने तमिळमध्ये विचारले. एक खेळघर बंद पडले, तिथली सहा कार्डे आली, चार गेली, दोन उरली, असे तो म्हणाला. एका कार्डाचा पंखा आपण बदलला आहे, दुसऱ्याचा मूळचाच आहे, आणि त्याचा भरवसा देता येत नाही. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी मिळेल. सात दिवसांचे आश्वासन कुंभकोणम्‌च्या माणसाला फारसे उपयोगाचे नसते. परत येण्याजाण्यातच त्याचा मोबदला खर्ची पडतो. तेव्हा जी काही परीक्षा घ्यावयाची ती येथेच, असे ठरले. मुलाने जीपीयू-झेड चालवले: ८९६ घटक, वेगवान जातीची स्मृती, आणि नावाआधी काही नाही. वीज जोडण्याची वेगळी तार या कार्डाला नव्हती. ‘१६५०’ च्या काही प्रतींना ती लागते, आणि हे पाहून घेतले नसते तर सारा प्रवास फुकट गेला असता. मग पूर्ण भार टाकून अर्धा तास. तपमान सत्तरच्या किंचित वर जाऊन स्थिरावले. पडद्यावर रंगाचे ठिपके नाहीत, रेघा नाहीत.

मुलगा पैसे काढू लागला तेव्हा ताताने त्याला थांबवले. यंत्र बंद करा, गार होऊ द्या, आणि पुन्हा चालू करा, अशी त्यांची मागणी होती. तापलेले भांडे खरे बोलत नाही, असे ते म्हणाले. दुकानदार पहिल्यांदाच हसला. चिपखालचा निखळलेला सांधा गरम हवेने भाजून तात्पुरता जुळवण्याची एक विद्या या बाजारात आहे. असे कार्ड दुकानात ठणठणीत चालते आणि तापणे-निवणे काही वेळा झाले की मान टाकते. एका फेरीने ते नेहमीच उघडे पडते असे नाही, पण कल्हईखालचे भोक निदान उन्हात धरून तरी पाहावे. मुलाला या विद्येची माहिती होती; थांबून गार करण्याचे मात्र त्याला सुचले नव्हते. वीस मिनिटे तिघे चहा घेत बसले. कार्ड पुन्हा चालू झाले. पंखा बदललेलेच कार्ड त्यांनी घेतले, सहा हजार तीनशेला. जुन्या पडद्यासाठी एचडीएमआयवरून व्हीजीए करणारे जोडउपकरण घेतले, ते तीनशेचे.

निवड योग्य होती काय? बलवान कार्डाच्या बाजूने बोलणारे आजही पुष्कळ भेटतील, आणि ज्याच्या यंत्रात वीज आहे त्याच्यापुरते त्यांचे म्हणणे खरे. पण पुढच्या वर्षी एनव्हिडियाने ‘१०५०’ आणि ‘१०६०’ यांच्या पिढीसाठी खेळांना अनुरूप अशी नवी चालक प्रणाली देणे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले आणि केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या चालू ठेवल्या. ‘१६५०’ ची पिढी त्या रेषेच्या अलीकडे राहिली. हे मुलाने हेरून ठेवले होते असे म्हणता येणार नाही. स्वस्त घेणाऱ्याला थोडे दैवही लागते.

घरी खेळ चालला. सगळ्या चित्रांची झळाळी सर्वांत खालच्या पायरीवर ठेवावी लागली, पण चालला. पहिल्या रात्री पुण्याच्या मुलाने विचारले, ‘अरे, होतास कुठे एवढे दिवस?’ त्याला मिळालेले उत्तर भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू गेले, कारण कानांना यंत्र लावलेला माणूस नेहमी मोठ्याने बोलतो. हंड्याविषयी मुलगा काही बोलला नाही. गल्लीत शिरू नकोस, मागून दोघे आहेत, पूल सोड, इकडे ये, असेच सारे बोलणे. मधेच एका शब्दापाशी आतेभाऊ अडला आणि त्याने अर्थ विचारला. मुलालाही तो सांगता येईना. तो कानावरचे यंत्र बाजूला करून ताताला विचारावयास आला, आणि ताता अंथरुणावर उठून बसले.

तोतया कार्ड तसेच पडून होते. मुलाने एकदा ते आहे त्या नावानेच विकावे असा विचार बोलून दाखवला. घेणाऱ्याने पाहून घ्यावे, आपल्याला कोणी सांगितले होते? ताताने उत्तर दिले नाही, पण दुसऱ्या दिवशी पेचकस मागितला. दोघांनी मिळून पंखा आणि खालचा धातूचा ठोकळा उतरवला, वाळलेला लेप कापसाने पुसला, आणि चिपवर छापलेली मूळ खूण वाचली. मुलाने ती कागदाच्या पट्टीवर लिहून कार्डाच्या पाठीवर चिकटवली: जीएफ १०८, २०१०, एक गिगाबाइट, नाव खोटे.

महाविद्यालयाजवळ झेरॉक्सचे एक दुकान आहे. तिथल्या संगणकाची पडद्याला जोडणारी खाच निकामी झाली होती आणि पडदा जुना, व्हीजीएचाच. चारशे रुपयांना ते कार्ड तिथे गेले. चिठ्ठी पाठीवर तशीच आहे. त्यावर अर्ज आणि हॉल तिकिटे व्यवस्थित दिसतात.